चिठ्ठीत निघालेला शेक

त्यानं बायकोच्या कानाखाली वाजवली तेव्हा ओपीडीच्या बाकांवर आम्ही पंधरा-वीस जण बसलो होतो, आणि सगळ्यांनी एकदम माना खाली घातल्या. मीही घातली. बाई घरून निघताना सीटी स्कॅनचे फोटो विसरून आली होती, एवढंच कारण. तिनं पदर तोंडाला लावला आणि म्हणाली, "ड्रायव्हरला पाठवते, आणील तो." त्यावर त्यानं दुसऱ्यांदा हात उचलला, आणि तो मी हवेतच धरला.

मी आयुष्यभर शाळेत खेळ शिकवले. मुलींचा कबड्डीचा संघ घेऊन जिल्हाभर फिरले. मनगट कुठं आवळलं की माणूस जागचा हलत नाही, हे माझ्या बोटांना ठाऊक आहे. पण त्याच आठवड्यात माझ्या बरगड्यांमधून सुई घालून फुप्फुसाचा तुकडा काढला होता. त्याला झटका देताना ती जागा आतून अशी उसवली की डोळ्यांपुढं अंधारी आली. हात मात्र सोडला नाही.

"कोण गं तू?" तो म्हणाला.

"पेशंट."

"मग पेशंटासारखी गप बस की."

"तू पण पेशंटच हायस. हात खाली घे."

गडी दांडगा होता. पांढरा कडक इस्त्रीचा शर्ट, मानेवर मांसाची घडी, अंगाला डिझेलचा वास. त्यानं माझ्याकडं नीट पाहिलं आणि हसायला लागला. हसता हसता खोकला आला, खोकता खोकता तो वाकला आणि शेवटी माझ्याच शेजारी मटकन बसला. त्याची बायको गालावर हात ठेवून उभीच राहिली. पाच बोटं उमटली होती.

लोक त्याला तात्या म्हणत. इंदापूर तालुक्यात भीमेच्या काठावर त्याचा वाळूचा धंदा होता, म्हणजे चोरून वाळू काढण्याचा. तिकडं त्याचं नाव घेताना माणसं आधी आजूबाजूला बघतात, हे मला नंतर कळलं.

माझा आजार खोकल्यानं उघडा पडला. भवानीनगरजवळच्या शाळेत मी नोकरीला होते. पिंपळीच्या घरून रोज जायची-यायची. गळीत हंगामात कारखान्याच्या धुराड्याची काजळी मैदानावर पडते, वाळत घातलेली कापडं काळी होतात, त्यामुळं आमच्याकडं खोकल्याला कुणी विचारत नाही. एक दिवस मैदानावर शिट्टी वाजवायला गेले तर वाजेना. फुंकर मारली की आतून कुणी तरी नरडं दाबावं तसं व्हायचं. मुली हसल्या. मीही हसले. महिन्याभरात जिना चढताना भिंत धरावी लागली.

मी कधी तंबाखू तोंडात धरली नाही, की विडीला हात लावला नाही. तरी फुप्फुसाचाच कॅन्सर निघाला, आणि तोही पुढं गेलेला. फुप्फुसात एक मोठी गाठ, कमरेच्या हाडात एक डाग, मूत्रपिंडाच्या वरच्या ग्रंथीत एक. ज्या दिवशी हे कळलं त्या दुपारी यजमान घरी आले, कुऱ्हाड घेऊन परसात गेले आणि शेवग्याचं झाड तोडायला लागले. हा माणूस कारखान्याच्या प्रयोगशाळेत उसाच्या रसाची तपासणी करत निवृत्त झालेला, त्यानं कधी आवाज चढवलेला मी ऐकलेला नाही. शेवगा काय, कच्चं झाड. चार घावांत पडलं. ते पडल्यावरही हे बुंध्यावर घाव घालतच राहिले. हाताचे फोड फुटून दांडा रक्तानं ओला झाला, तेव्हा मी जाऊन कुऱ्हाड काढून घेतली. आम्हाला मूलबाळ नाही. त्या दुपारी आम्ही दोघं चिरफळ्यांमध्ये बसलो होतो आणि मला त्यांचा राग आला होता. मरायला मी लागले होते, आणि झाड तोडायची सवलत त्यांना मिळाली होती.

बारामतीत आम्ही जिथं जायचो तिथले डॉक्टर तरुण होते. शेकाचे डॉक्टर. रेडिएशनला आमच्याकडं सगळे शेकच म्हणतात, आणि डॉक्टरही आमच्याशी बोलताना तोच शब्द वापरायचे. बारीक अंगाचे, चष्मेवाले, बोलताना पेनाचं टोपण उघडझाप करायचे.

"मॅडम, तुमच्या गाठीत एक विशिष्ट बदल सापडलाय," ते म्हणाले. "त्यावर रोजची एक गोळी चालते. चांगली चालते. पण ती रोग मुळातून काढत नाही. काही महिन्यांनी, कुणाला वर्ष-दोन वर्षांनी, रोग गोळीला सरावतो आणि पुन्हा उठतो. आम्हाला तपासायचंय ते हे, की गोळी चालू असतानाच सुरुवातीला हे तिन्ही डाग शेक देऊन जाळून टाकले, तर रोग जास्त दिवस दबून राहतो का."

"राहतो का?"

"माहीत नाही."

"तुमचा अंदाज काय?"

"अंदाज आहे, म्हणूनच कुणाला नुसती गोळी आणि कुणाला गोळी अधिक शेक, हे चिठ्ठी टाकून ठरवायचं. माझ्या अंदाजावर सोडलं तर मी नकळत धडधाकट माणसांना शेक देईन, आणि नंतर म्हणेन, बघा, शेकवाले जास्त जगले."

"आणि नुकसान?"

"होऊ शकतं. फुप्फुस भाजतं, गिळताना त्रास होतो. क्वचित जिवावरही बेततं."

यजमान म्हणाले, "म्हणजे तुमी हिच्यावर शिकणार."

डॉक्टरांनी टोपण लावलं. "हो. नाही म्हणालात तरी गोळी मिळेल. मधेच सोडलंत तरी मिळेल. पण शिकणार, हे खरं आहे."

मला तो माणूस आवडला. तोवर भेटलेल्या प्रत्येकानं मला काहीतरी ठामपणे सांगितलं होतं. कुणी गोमूत्र, कुणी सोलापूरकडचा वैद्य, कुणी 'पॉझिटिव्ह राहा'. हा एकटा माहीत नाही म्हणाला. टॉस हरलेले संघ जिंकताना आणि जिंकलेले संघ धूळ खाताना मी किती तरी वेळा पाहिले होते. मी त्यांच्या चाचणीत यायला सही केली. चिठ्ठी मुंबईच्या कॉम्प्युटरनं काढली. मला गोळी अधिक शेक निघाला.

तात्याही त्याच चाचणीत होता. त्याची गाठ माझ्यासारखीच, डागही थोडेच. त्याला नुसती गोळी निघाली.

हे त्याला कळलं त्या सकाळी मी बाहेरच बसले होते. आधी आत खुर्ची पडल्याचा आवाज आला. मग दाराच्या काचेवर काहीतरी आदळलं आणि ती काच खळकन खाली आली. मी आत डोकावले तर तात्यानं डॉक्टरांना कॉलर धरून भिंतीला लावलं होतं. डॉक्टरांचे पाय जमिनीला पुरते टेकत नव्हते. चष्मा पायाखाली मोडला होता, ओठ फुटला होता. चाचणीचं सगळं काम बघणारी मुलगी तात्याच्या दंडाला लोंबकळत होती आणि तो दंड हलत नव्हता.

"मला का न्हाय?" तो ओरडत होता. "मला निस्ती गोळी आणि हिला शेक? ही कोण लागून गेली? कोटा हाय म्हणून? हितं पण ह्यांला कोटा हाय व्हय रं?"

माझं आडनाव वऱ्हांड्यात रोज पुकारलं जायचं. आमच्या भागात आडनावावरून सगळं कळतं. आजोबांनी बौद्ध धर्म घेतला तेव्हापासून घरात तिसरी पिढी शिकतीय, पण हा शब्द मी नोकरीच्या पहिल्या दिवशी ऐकला, बढतीच्या दिवशी ऐकला, आणि आता मरायच्या रांगेतही ऐकला. मी पुढं झाले. मला त्याचा गळा धरायचा होता. हात त्याच्यापर्यंत पोचलाही असता, पण यजमानांनी मागून कमरेला मिठी मारली आणि मला मागं ओढलं.

तेवढ्यात शिपाई आणि वॉचमन आले. चौघांनी मिळून तात्याला मागं ओढला. डॉक्टर खाली बसले, ओठावरचं रक्त बाहीला पुसलं आणि चष्म्याशिवाय डोळे बारीक करून म्हणाले, "कॉम्प्युटरला आडनाव दिलेलंच नाही, तात्या. वय दिलंय, आणि डाग किती ते दिलंय. बाकी त्याला तुम्ही कोण, त्या कोण, काही ठाऊक नाही."

"मग मी न्हाय घेत तुमची गोळी."

"नका घेऊ. दुसरीकडं जायचं तर सगळे रिपोर्ट देतो. मारहाणीची तक्रार मी पोलिसांत करणार आहे. आणि राहिलात तर औषधही देणार आहे."

तात्याची छाती भात्यासारखी हलत होती. मग तो माझ्याकडं वळला, बोट रोखून म्हणाला, "ऱ्हातो. बघूच बाई, आधी तू जातीस का मी."

तक्रार झाली. तात्याला पोलिस ठाण्यात बोलावलं, दुसऱ्या दिवशी तो परत सुटलाही. आणि ठरल्या वारी गोळ्या न्यायला आला. डॉक्टर नव्या चष्म्यातून त्याच्या छातीला नळी लावताना मी पाहिले. त्यांनी छाती पुढून तपासली, पाठीकडूनही तपासली, सावकाश.

माझा शेक सुरू झाला. आधी माझ्या अंगावर शाईचे ठिपके गोंदले, कातडीत सुई टोचून. मग एका पिशवीवर निजवलं. तिच्यातली हवा ओढून घेतली की ती अंगाभोवती आवळत जाते, हात डोक्यावर, आणि हलायचं नाही. "श्वास घ्या. धरा." मी धरायची. कबड्डीवाल्या बाईला दम धरायला काय शिकवायचं? तरी छाती आतून धडका द्यायची. मशीनचं मोठं डोकं माझ्याभोवती फिरायचं, घरघर व्हायची, आणि वेदना मात्र काहीच नाही. तेच मला असह्य व्हायचं. कुणीतरी मला जाळत होतं आणि मला कळत नव्हतं. मी मनातल्या मनात त्या गाठीला शिव्या द्यायची, आमच्या आळीत नळावर ऐकलेल्या, बाई म्हणून कधी तोंडातून न काढलेल्या. आत माझ्या आवाजाचा माईक चालू असतो हे मला शेवटच्या दिवशी कळलं. पहिल्या दिवशी शिव्या मोठ्यानं निघाल्या होत्या म्हणे. तंत्रज्ञ बाई म्हणाली, "असू द्या मॅडम, बरेच जण देतात."

गोळीनं तोंडावर, छातीवर पुरळ उठलं. नखांच्या कडा पिकून ठणकायच्या, भाकरी थापता येईना. ते तात्यालाही झालं होतं. पण शेक संपल्यावर घास उतरेना, साधं पाणी गिळलं तरी काच गिळल्यासारखं. ते हळूहळू बरं झालं. मला वाटलं, सुटले. मग काही महिन्यांनी एका दुपारी घरातल्या घरात मी बुडायला लागले.

पाण्याशिवाय बुडणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. तोंड उघडलं तरी हवा आत शिरत नव्हती. मी यजमानांच्या दंडात नखं रुतवली, त्यांना अजून वण आहेत. शेकानं भाजलेलं फुप्फुस सुजलं होतं. भरती केलं, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, सुजेवरची इंजेक्शनं. डॉक्टर रोज सकाळ-संध्याकाळ यायचे. त्यांनी मास्कच्या वरून माझ्या डोळ्यांत पाहत सांगितलं, "हे शेकामुळं झालंय. तुम्हाला आधी सांगितलेलं तेच. मी हे लपवणार नाही, लिहिणारही आहे."

अशा वेळी तात्या भेटायला आला.

अंगानं भरला होता. उन्हानं रापला होता. मागं त्याची बायको, हातात स्टीलचा डबा. "मरळ आणलीय, उजनीची," तो म्हणाला. "हिनं कालवण केलंय." मग बेडच्या कडेला बसला आणि नदीच्या गोष्टी सांगायला लागला. तहसीलचं पथक आलं आणि त्याची एक बोट जिलेटिन लावून उडवली, लाकडं पार पल्याड पडली. पलीकडच्या गावच्या टोळीनं त्याच्या एका माणसाला फावड्यानं मारला, तर ह्यानं त्यांच्या दोघांचे गुडघे फोडले. हे सगळं तो पाऊसपाण्यावर बोलावं तसं बोलत होता. मला बोलता येत नव्हतं. यजमान "हां, हां" करत होते.

जाता जाता तो मास्ककडं बघून म्हणाला, "दिली न्हवं भाजून? मला वाटतंय चिठ्ठी मलाच चांगली निघाली." आणि यजमानांच्या खांद्यावर हात टाकून, हसून, "तुमच्या लोकांना फुकटचं पचत न्हाय बगा."

माझ्या उशाशी पाण्याचं जड पितळी फुलपात्र होतं. मी कधी उचललं मला आठवत नाही. ते त्याच्या भुवईवर बसलं तेव्हाचा आवाज मात्र आठवतो. रक्त भळकन डोळ्यात उतरलं. तो उठला, मी मास्क ओढून काढला, मला वाटलं आता हा मला बेडवरच संपवणार. मला भीती वाटली नाही. मला तो जवळ यायला हवा होता.

त्यानं बोटानं रक्त पुसलं, बोटाकडं बघितलं आणि म्हणाला, "दम हाय अजून म्हातारीत."

नर्स ओरडत आली. माझ्याच वॉर्डात, माझ्या समोरच्या स्टुलावर त्याला टाके घातले. सगळ्यांचं लक्ष तिकडं असताना त्याची बायको माझ्या तोंडावर मास्क परत बसवायला वाकली आणि कानाशी पुटपुटली, "लई बरं केलंत, बाई."

मी वाचले. सूज उतरली, दम परत आला, सगळा नाही, पण मैदानाला एक फेरी मारण्याइतका आला. पुढच्या तपासणीत तिन्ही डाग विझलेले दिसले. तात्याचेही आक्रसले होते. आम्ही दर खेपेला त्याच बाकांवर बसायचो. तो विचारायचा, "हायस का अजून?" मी म्हणायची, "तू हायस म्हणून हाय."

एका खेपेला त्याच्या बायकोच्या हाताला प्लास्टर होतं. मी विचारलं तर म्हणाली, पडले. बाथरूमला नेते म्हणून मी तिला बाहेर नेलं आणि पुन्हा विचारलं. तिनं पोलका वर करून पाठ दाखवली. पट्ट्याचे वळ होते, काही निळे, काही पिवळे पडलेले.

"माहेरी कोण?"

"भाऊ हाय. वडगाव निंबाळकरला. म्हशी हायत त्याच्या."

"जातीस?"

"तो तितं येईल."

"येऊ दे. जातीस का सांग."

ती म्हणाली, व्हय. तात्या आत डॉक्टरांकडं होता, तेवढ्यात मी तिला तसंच स्कूटीवर मागं बसवलं आणि वडगावला पोचवलं. रस्ताभर ती एका हातानं माझं पोट आवळून बसली होती, शेकाच्या जागीच, आणि मी तिला हात काढ म्हणाले नाही. भाऊ गोठ्यात होता. त्यानं बहिणीची पाठ बघितली आणि शेणाचं फावडं हातातून खाली ठेवलं नाही.

तात्या भावाकडं गेला नाही. दुसऱ्या दिवशी भर दुपारी आमच्या फाटकाशी आला. हातात लोखंडी पहार.

"कुठं ठिवलीस तिला?"

यजमान बनियनवर होते, तसेच पुढं गेले. हात पसरून दारात उभे राहिले. "तात्या, बसा, पाणी घ्या," म्हणाले. त्या माणसाला दुसरं काही सुचत नाही. तात्यानं त्यांना एका हातानं बाजूला फेकलं. ते पायरीच्या कोपऱ्यावर पडले आणि खांद्याचं हाड मोडल्याचा आवाज मला घरात ऐकू आला.

मी धावत बाहेर आले, पहारीच्या आत शिरले आणि दोन्ही हातांनी त्याच्या कमरेला घट्ट पकड घातली. शिकवलेलं सगळं त्या एका पकडीत घातलं. त्यानं माझ्या पाठीत कोपर मारलं. एकदा, पुन्हा. भाजलेल्या बाजूला. माझ्या तोंडात लोखंडाची चव आली. मी त्याच्या मांडीला चावले. तो कळवळला, पहार हातातून सुटून फरशीवर घणघणली, आणि आम्ही दोघं खाली आलो. मी त्याच्या अंगावर होते. मला त्याचं डोकं फरशीवर आपटायचं होतं, आणि मी एकदा आपटलंही.

मग दोघांचाही श्वास संपला.

असं मी कधी पाहिलं नव्हतं. तो खोकायला लागला, मीही खोकायला लागले. मी त्याच्या अंगावरून बाजूला लोळले. दोघं आमच्या अंगणात चार पायांवर, कुत्र्यासारखे, मान खाली घालून हवा ओढत होतो. त्याचा खोकला थांबेना. मग त्यानं फरशीवर थुंकलं आणि ते लाल होतं. मला वाटलं माझ्या मारामुळं. पण ते पुन्हा आलं, गुठळीसारखं, खोलातून. त्यानं ते बघितलं, मी बघितलं. दोघांनाही कळलं ते काय आहे.

शेजारचे धावत आले होते. कुणी पोलिसांना फोन लावत होतं. तात्या पायरीवर बसला. चेहऱ्यावरचा सगळा माज उतरला होता, राहिला होता नुसता रुंद चेहरा. "उठलाय त्यो," तो छातीकडं बोट करून म्हणाला. "दोन हप्त्यांपासून उठलाय. कुणाला सांगितलं न्हाय."

यजमान मोडलेला खांदा धरून भिंतीशी बसले होते. ते म्हणाले, "डॉक्टरांना सांगा." आणि वर, "पाणी आण गं त्याला." मी आणलं नाही. पोलिस येईपर्यंत तो तहानलेलाच बसला.

आम्ही तक्रार दिली आणि मागं घेतली नाही. जामिनावर सुटल्यावर त्याची तपासणी झाली. गाठ वाढली होती, काळजातही डाग होते. आमच्याकडं यकृताला काळीज म्हणतात. त्याचा चाचणीतला गोळीचा भाग तिथं संपला आणि सलाईनमधून देतात ती केमोथेरपी सुरू झाली. दोन खेपा घेतल्या. केस गेले. बाकावर तो माझ्यापासून लांब बसायचा आणि मीही त्याच्याकडं बघायची नाही. बायको परत आली नाही.

तिसऱ्या खेपेला तो आला नाही. नदीकाठच्या एका हॉटेलात मिसळ खात बसला असताना पलीकडच्या टोळीची माणसं आली आणि त्याला कोयत्यानं तोडला. दुपारच्या वेळी, भरल्या हॉटेलात. तो उठला, बाक उचलून त्यांच्या अंगावर घातला, पण पूर्वीचं बळ कुठं होतं? दारापर्यंतसुद्धा पोचला नाही. ज्यांनी पाहिलं ते सांगतात की पडल्यावरही तो धापा टाकत शिव्या देत होता.

मला हे चाचणीचं काम बघणाऱ्या मुलीकडून कळलं. ती रडली होती. तिनं डॉक्टरांना विचारलं, "सर, यांचा मृत्यू कसा धरायचा?" मी समोरच बसले होते.

"मृत्यू म्हणून," डॉक्टर म्हणाले.

"पण कॅन्सरनं कुठं मेला तो?" मीच म्हणाले. माझा आवाज चढला होता. का ते मला कळत नव्हतं. "कोयत्यानं मेला. तुमच्या गोळीच्या नावावर का टाकताय?"

"मॅडम, कारण वेगळं लिहिणारच. पण आपण कोण कशानं गेलं ते बघून मोजायला लागलो, तर आपल्याला हवं तसं मोजू. शेकवाला ट्रॅक्टरखाली गेला तर सोडून देऊ, गोळीवाला गेला तर धरू. म्हणून सगळे धरायचे. दोन्हीकडचे."

मी घरी येईपर्यंत धुमसत होते. ज्या माणसानं माझ्या नवऱ्याचं हाड मोडलं, माझ्या जातीवर थुंकला, त्याच्यासाठी मी डॉक्टरांशी भांडत होते. तो मला कॅन्सरनं मरायला हवा होता का? की मला त्यानं हरायला हवं होतं, नीट, सरळ, आमच्यातल्या आमच्यात? यजमानांना विचारलं तर म्हणाले, "जेव आधी."

मी वडगावला त्याच्या बायकोला भेटायला गेले. ती धार काढत होती. उठली नाही. म्हैस पान्हा चोरते म्हणाली, मधेच सोडता येत नाही. मी बाजूला बसले. चरवी भरल्यावर ती म्हणाली, "रडू येत न्हाय, बाई. गावाला वाटतंय मी दगड हाय." मग थोड्या वेळानं, "काल त्याचं धुतलेलं शर्ट आणून दिलं कुणी. बंबात घातलं. त्या पाण्यानं आंघोळ केली." नंतर तिनं दुधाचा पेला माझ्या हातात दिला आणि विचारलं, "तुमचं काय निघालं फोटोत?"

माझंही निघालं होतं. विझलेले तीन डाग विझलेलेच होते, पण दुसऱ्या फुप्फुसात एक नवा उठला होता. तात्यानंतर बऱ्याच महिन्यांनी, पण उठला. गोळी बंद झाली, माझीही सलाईन सुरू झाली. शेकानं मला ते जास्तीचे महिने दिले की ते माझ्या नशिबातच होते, हे माझ्या एकटीच्या अंगावरून कुणालाच सांगता येणार नाही. डॉक्टरांना मी विचारलं, "कुठली बाजू वरचढ आहे?" ते म्हणाले, "मला दिसत नाही. मुद्दामच दाखवत नाहीत. सगळ्यांचं येईपर्यंत थांबायचं."

मी थांबते. दर तीन आठवड्यांनी जाते. माझ्या शिरा आता आत पळाल्यात. मागच्या खेपेला नवी नर्स होती, तिला शीर सापडेना. ती माझ्या मनगटावर हलक्या हातानं टिचक्या मारत बसली होती, घाबरत, "दुखत नाही ना, दुखत नाही ना" म्हणत.

मी हात तिच्यापुढं सरकवला आणि म्हणाले, "असं न्हाय गं पोरी. जोरात मार."

तिनं मारलं. तिसऱ्या चापटीला शीर वर आली.